आत खासगी चाललंय

आमच्या दवाखान्याला पडदा नव्हता. पडद्याच्या जागी मावशी होत्या.

हे वाक्य मी शोभेसाठी लिहिलेलं नाही, होतं तसं सांगतोय. पालिकेचा हा दवाखाना ज्या खोलीत आहे तिथे पूर्वी पाणीपट्टी भरायचं ऑफिस होतं. लांबट खोली, एका टोकाला दार आणि दाराशी भिंतीला टेकून बाक. दुसऱ्या टोकाला डॉक्टरीणबाईंचं टेबल आणि तपासायची खाट. मधे काही म्हणजे काही नाही. औषधं मिळायच्या जाळीच्या खिडकीवर 'पाणीपट्टी येथे भरावी' ही पाटी अजून तशीच आहे. खिडकीतून मिळणारं खोकल्याचं औषध एकदा चाखलं, की ती पाटी काढायची कोणाला घाई का वाटली नाही हे कळतं.

तर खाटेवर आडवा झालेला पेशंट आणि बाकावर बसलेले पेशंट एकमेकांना असे दिसत, जसे समोरासमोरच्या फलाटांवरचे प्रवासी. फरक एवढाच, की पलीकडच्या फलाटावरच्या प्रवाशाला शर्ट काढायला सांगितलेलं असे.

या दोन फलाटांच्या मधे मावशी उभ्या राहत.

मावशी म्हणजे दवाखान्यातल्या मदतनीस. बुटक्या, रुंद, निळा कोट, कोटाला निरनिराळ्या रंगांची बटणं. पूर्वी त्या कपड्यांच्या एका दुकानात होत्या. तिथे काम काय, तर कपडे घालून बघायच्या खोलीच्या दाराशी उभं राहायचं आणि आत कोणी असताना दुसऱ्या कोणाला घुसू द्यायचं नाही. दुकान बंद पडलं आणि मावशी पालिकेत लागल्या. "काम तेच आहे हो," त्या म्हणत. "फक्त तिथे माणसं आरशात बघून उदास व्हायची, इथे डॉक्टरांकडे बघून होतात."

एखाद्या बाईला तपासायचं असलं की मावशी औषधांचं रिकामं खोकं पायाने सरकवून खाटेसमोर उपडं घालत, त्यावर चढत, आणि एक हिरवी चादर दोन्ही हात ताणून समोर धरत. पाठ पेशंटकडे, डोळे बाकाकडे. त्यांच्या डोळ्यांत तेव्हा असा धाक असे, की बाकावरची माणसं आपापल्या चपलांचा सखोल अभ्यास करू लागत.

पण चादरीने नुसतं दिसणं थांबतं, ऐकू येणं थांबत नाही. आणि दवाखान्यात दाखवायच्या गोष्टींपेक्षा सांगायच्या गोष्टी जास्त लाजेच्या असतात. म्हणून मावशींनी आपली अशी एक पद्धत बसवली होती. चादर धरली रे धरली, की त्या खड्या आवाजात आपल्या जावयाची गोष्ट सांगायला लागत.

"आमचा जावई काल असा घोरला, असा घोरला! शेजारच्यांना वाटलं, गाडी आली. बॅगा घेऊन खाली उतरले बिचारे!"

या आवाजाच्या मागे पेशंट डॉक्टरीणबाईंना काय हवं ते सांगून घेई. बाकाला जावयाखेरीज काही ऐकू येत नसे. मावशींचा हा जावई शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो आणि घड्याळं दुरुस्त करतो. स्वभावाने इतका गरीब, की थांबलेल्या घड्याळालासुद्धा आधी सॉरी म्हणून मग उघडत असेल. तो सासूला भेटायला आमच्या भागात आला की रस्त्यावरचे लोक थांबवून विचारत, "काय जावईबापू, झोप लागली का रात्री?" तो बिचारा प्रत्येकाला सांगे, "मी घोरत नाही हो." कोणी विश्वास ठेवत नसे. अख्ख्या बाकाने ऐकलेली गोष्ट खोटी कशी असेल?

आणखी एक. पेशंटचं किरकोळ असलं की गोष्ट आखूड असे. जावई घोरला, बायकोने ढोसलं, संपलं. आत काही गंभीर निघालं आणि डॉक्टरीणबाईंना जास्त वेळ लागला, की जावई झोपेतून उठून कुठेकुठे भटकायला लागे. हे बाकाला हळूहळू समजलं होतं. गोष्ट लांबली की बाकावरच्या गप्पा आपोआप थांबत.

बाकावर बसून 'मला पोटाच्या खाली दुखतंय' असं कोण ओरडून सांगणार? दारातून आत येतानाच माणसं मावशींच्या कानाशी लागून म्हणत, "मावशी, जरा खासगी आहे." मावशी मान हलवत आणि चादर घ्यायला वळत. होता होता त्या शब्दाचं नामच होऊन गेलं. "डॉक्टर, आज तीन खासगी आणि बाकी सर्दी," असं मावशी सांगत. आमच्या भागात 'खासगी' म्हणजे चादर. लहान पोरंसुद्धा लपाछपी खेळताना 'मी खासगीत आहे' म्हणायची.

आणि हे फक्त बायकांचं नव्हतं. आमच्या गल्लीत एक ट्रकड्रायव्हर काका आहेत. दारातून येताना आधी मिशा येतात, मग काका येतात. एकदा ते दवाखान्यात आले आणि बाकावर न बसता भिंतीला टेकून उभेच राहिले. मावशींनी तीनदा सांगितलं, "काका, बसा ना." तेव्हा काका मिशांच्या आतून पुटपुटले, "मावशी... बसण्याचंच खासगी आहे."

गळू झालं होतं. मावशींनी खोकं सरकवलं आणि चादर धरली. त्या दिवशी जावई घोरता घोरता पलंगावरून पडला.

नेमका त्याच दिवशी मी आईबरोबर त्या बाकावर बसलो होतो, म्हणून हे सगळं लिहितोय.

कान माझा दुखत होता. आई सोबत आली होती, कारण तिच्या मते मला डॉक्टरांपुढे धड बोलता येत नाही. ती शाळेत भाषा शिकवायची. निवृत्त झाल्यावर शाळा सुटली, शिकवणं सुटलं नाही. दुकानांच्या पाट्या, पालिकेच्या नोटिसा, माझी पुस्तकं, सगळं ती तपासते. फक्त स्वतःला तपासून घ्यायची वेळ आली तेव्हा ती गप्प बसली होती. तिच्या छातीत गाठ लागत होती. तिने ते मला सांगितलं नव्हतं, सुनेला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नीटसं सांगितलं नसावं. आयुष्यभर गळ्यापर्यंत बटणं लावून वर्गात उभी राहिलेली बाई ती. चारचौघांसमोर खाटेवर आडवं व्हायचं, ही कल्पनाच तिला सोसवत नव्हती.

काका चादरीमागून बाहेर आले. घामाघूम झाले होते, पण मान ताठ होती. आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग चादरीची घडी घालणाऱ्या मावशींकडे बघत राहिली. माझा नंबर आला. मी उठलो, तर आईने मला हाताला धरून खाली बसवलं आणि स्वतः उठून मावशींच्या कानाशी गेली.

माझा एक कान बंद होता. दुसऱ्याने मी जावयाची गोष्ट ऐकत होतो. जावई झोपेत चालायला लागला. ठीक. झोपेत शिडीवर चढला. बाक हसला. शिडीवरून छपरावर गेला, तिथे शेजाऱ्यांची मांजर होती. हसू जरा कमी झालं. मांजरीच्या मागे दुसऱ्या छपरावर गेला. आता कोणी हसत नव्हतं. तिथून तिसऱ्या. काका मिशा चावत उभे होते. मावशी खोक्यावर उभ्या राहून, हात ताणून, जावयाला छपरांवरून छपरांवर फिरवत होत्या, आणि मला कळत होतं की तो जितका लांब जाईल तितकं वाईट आहे. मी आयुष्यात कुठल्या गोष्टीच्या शेवटाची इतकी वाट पाहिलेली नाही.

"...आणि मग उतरला," मावशी म्हणाल्या. त्यांच्या दंडांना रग लागली असणार. चादर मात्र हलली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी चिठ्ठी देऊन मोठ्या सरकारी इस्पितळात पाठवलं. गाठ लवकर सापडली, असं तिथे सगळ्यांनी सांगितलं. शस्त्रक्रिया झाली, औषधं झाली, आई घरी आली. तिला नवं आयुष्य मिळालं आणि मला माझ्या जुन्या चुका नव्याने ऐकायला मिळू लागल्या. इतका आनंद मला पूर्वी माझ्या चुकांनी कधी दिला नव्हता.

पडद्याचं म्हणाल तर मावशींचे अर्ज चालूच होते. त्या मागत पडदा, पालिका पाठवी भलतंच. एकदा पडद्याची दांडी आली, पडदा नाही. एकदा पडदा आला, पण खिडकीचा, वीतभर. मावशींनी तो कपाटाला लावला. "कपाटाचं तरी खासगी झालं," त्या म्हणाल्या.

अशात आमच्या शहरात आंतरराष्ट्रीय परिषद भरली. लोकांच्या आरोग्याची व्यवस्था सरकारने बघावी की कंपन्यांनी, या विषयावर भांडायला देशोदेशीची मंडळी आली. भांडायला आमच्याच शहरात का, तर पालिकेने नवं सभागृह बांधलं होतं आणि ते कोणाला तरी दाखवायचं होतं. मंडळींत दोन तट होते. एका तटाचे पुढारी म्हणजे एक अतिशय उंच पाहुणे. त्यांच्या देशात सरकारी दवाखान्यापुढच्या रांगेत त्यांच्या वडिलांचे हाल झाले होते आणि एका कंपनीच्या इस्पितळाने त्यांना वाचवलं होतं. दुसऱ्या तटाच्या पुढारी एक गोल चेहऱ्याच्या पाहुण्या. त्यांच्या देशात कंपनीने लहान गावातले दवाखाने आधी घेतले आणि परवडेना म्हणून मग बंद केले. दोघंही खरं बोलत होते, त्यामुळे भांडण मिटायची चिन्हं नव्हती.

पालिकेच्या साहेबांच्या डोक्यात मात्र एक स्वच्छ बेत होता. आमचा दवाखाना एका कंपनीला चालवायला द्यायचा. कंपनी नवी यंत्रं आणणार, नंबर पुकारायला यंत्र, वजन करायला यंत्र, आणि माणसंही स्वतःची आणणार. हे पेपरात येऊन गेलं होतं. पण मावशी पेपर काचा पुसायला वापरतात, वाचायला नाही.

आणि एक दिवस उंच पाहुणे आमचा दवाखाना बघायला आले. बरोबर पालिकेचे साहेब आणि एक दुभाषी मुलगी. मी तेव्हा तिथे नव्हतो, आईही नव्हती. काय झालं ते मला ड्रायव्हरकाकांनी सांगितलं.

पाहुण्यांनी वाकून दारातून प्रवेश केला, बाकाकडे बघून हसले आणि काहीतरी विचारलं. दुभाषी मुलगी म्हणाली, "पाहुणे विचारतायत, तुम्हाला इथे खासगी सेवा हवी आहे का?"

बाक चपलांकडे बघू लागला. असं उघड कोणी विचारतं का?

मावशींचा चेहरा मात्र उजळला. "अरे, लाजताय काय! इतकी वर्षं मी मागतेय, आज कोणीतरी परदेशातून विचारायला आलंय! म्हणा हो!"

बाक म्हणाला, "हो!"

"मोठ्याने!"

"हो!!"

पाहुण्यांना भरून आलं. त्यांनी काकांना विचारलं, "तुम्हाला का हवी?"

काका लाल झाले. "सगळ्यांच्यात नको वाटतं."

"असं कधीपासून वाटतंय?"

"गळू झालं तेव्हापासून," काका म्हणाले.

दुभाषी मुलीने गळू गाळलं असावं. पाहुण्यांनी मान डोलावत सगळं लिहून घेतलं, साहेबांनी पाहुण्यांशी हस्तांदोलन केलं, मावशींनी दोघांना चहा दिला. "पडदा हिरवाच पाठवा," त्यांनी जाता जाता साहेबांना सांगितलं. "डाग दिसत नाहीत."

दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा होता : 'रुग्णांनाच हवे खासगीकरण!'

आईने तो चहा घेताना वाचला आणि कप खाली ठेवला. "कोणाला हवंय? मी रुग्ण आहे. मला कोणी विचारलं?"

"अगं, बाकाने एकमुखाने सांगितलं म्हणे."

"आपला बाक एकमुखाने शिंकतसुद्धा नाही."

तेवढ्यात दार वाजलं. मावशी होत्या. मागे जावई उभा, हातात रिकामी सुटकेस. मावशी आत आल्या आणि खुर्चीच्या कडेवर बसल्या. हातात कापडी पिशवी होती, तिच्यातून हिरव्या चादरीचं टोक डोकावत होतं.

"बाई," त्या आईला म्हणाल्या, "तुम्ही शिकवलेलं आहे म्हणून विचारते. खासगी म्हणजे खासगीच ना?"

"म्हणजे काय? काय झालं?"

"साहेबांनी बोलावलं होतं. म्हणाले, दवाखाना आता कंपनीचा होणार, कंपनीला मदतनीस नको. म्हटलं, असं कसं? तर म्हणाले, तुम्हीच तर सगळ्यांना हो म्हणायला लावलंत!" मावशींनी पिशवी छातीशी धरली. "मला वाटलं पडदा देतायत हो. बाई, मी माझ्याच तोंडाने माझ्या माणसांना हाकललं. उद्या कोणी पोरगी आली आणि म्हणाली, जरा खासगी आहे, तर ते यंत्र तिला काय सांगणार? नंबर?"

जावई हळूच म्हणाला, "मी म्हटलं, आमच्याकडे चला. खोली आहे. माझ्या घोरण्याचा त्रास होणार नाही."

"तू घोरत नाहीस, बाळा," मावशी डोळे पुसत म्हणाल्या.

ही कबुली मी जन्मात पहिल्यांदा ऐकली, आणि तेव्हा मला कळलं की परिस्थिती फार वाईट आहे.

आई उठली. तिने कोट घातला. गळ्यापर्यंत बटणं लावली. "खासगी हे साधं विशेषण आहे," ती म्हणाली. "त्याच्या मागे 'करण' हे शेपूट कोणी लावलं, ते मला बघायचंय. चला."

परिषदेचा तो शेवटचा दिवस होता आणि त्या दिवशी नागरिकांना बोलायची मुभा होती. आम्ही गेलो : आई, मावशी, मी, वाटेत भेटलेले ड्रायव्हरकाका, काकांनी हाका मारून जमवलेला बाक, आणि सुटकेससकट जावई. दारावरचा शिपाई म्हणाला, "बॅग आत नेता येणार नाही." जावई म्हणाला, "सॉरी." आणि घेऊन आत आला.

सभागृहात मऊ खुर्च्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीला कानाला लावायचं यंत्र. व्यासपीठावर उंच पाहुणे बोलत होते, आणि कानात मात्र एका कोवळ्या मुलीचा आवाज येत होता. "माझे वडील वाचले तेव्हा मी साठीचा होतो..." मावशी दचकल्या. "एवढ्याशा पोरीचा आवाज, आणि साठीचा?" मग त्यांना कळलं, की मागच्या काचेच्या खोलीत बसून ती दुभाषी मुलगी सगळं आपल्या भाषेत सांगतेय.

नागरिकांची वेळ आली. आईने हात वर केला. माईक आला.

"मला प्रश्न विचारायचा नाही," आई म्हणाली. "मला दुरुस्ती करायची आहे."

हा आवाज ऐकताच मागे काचेच्या खोलीत ती दुभाषी मुलगी ताडकन उभी राहिली.

"बस गं खाली," आईने मागे न बघताच सांगितलं. शाळेत ती मुलगी आईच्या वर्गात होती. "तू चुकीचं काही सांगितलं नाहीस. शब्द बरोबर होता, माणसं वेगळी होती."

मग तिने समजावलं. आमच्या दवाखान्यात खासगी म्हणजे काय, कोण कोणाच्या कानात काय सांगतं, आणि बाक नेमका कशाला हो म्हणाला. पण वाक्यं एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जात होती आणि पाहुण्यांच्या कपाळावरची आठी जात नव्हती. ते अगदी सभ्यपणे म्हणाले, "क्षमा करा, मला अजून नीट कळलेलं नाही. त्यांनी मागितलं तरी काय?"

आईने मावशींना पुढे केलं. "सांगा."

खोक्यावर उभं राहून गल्लीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलणाऱ्या मावशी माईकसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. सगळं सभागृह त्यांच्याकडे बघत होतं. त्यांनी एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा पिशवीकडे. मग पिशवीतून चादर काढली.

"काका," त्या हळूच म्हणाल्या, "या ना जरा."

ड्रायव्हरकाका मिशा सावरत पुढे गेले. मावशींनी इकडेतिकडे बघितलं. खोकं नव्हतं. जावयाने सुटकेस पुढे करून आडवी ठेवली. मावशी तिच्यावर चढल्या, हात ताणले, चादर पसरली, आणि चादर पसरल्याबरोबर त्यांचा आवाज परत आला.

"आमचा जावई काल असा घोरला, असा घोरला!"

काचेच्या खोलीत दुभाषी मंडळी कामाला लागली. जावयाचं घोरणं एकेका भाषेत जाऊ लागलं. आधी आमचा बाक हसला, मग डावीकडचे पाहुणे हसले, मग मागच्या रांगा. ज्यांच्या भाषेत क्रियापद आधी येतं ते आपलं वाक्य संपायची वाट बघून सगळ्यात उशिरा हसले. खाली उभा असलेला जावई न राहवून म्हणाला, "मी घोरत नाही!" तेही भाषांतरित झालं आणि पुन्हा सगळे हसले.

हसू ओसरलं तेव्हा उंच पाहुणे म्हणाले, "गंमत आहे. पण या बाई हे का सांगतायत?"

आई म्हणाली, "आत्ता चादरीमागे काका काहीतरी बोलले. तुम्हाला ऐकू आलं?"

"नाही."

"दिसले?"

"नाही."

"त्याला आम्ही खासगी म्हणतो. त्याच्या मागे काहीही जोडू नका."

पाहुण्यांनी चादरीकडे एकदा नीट पाहिलं. मग खिशातून आपले कागद काढले, त्यातल्या एका परिच्छेदावर मोठी काट मारली आणि माईकजवळ वाकले. "माझं मत बदललेलं नाही," ते म्हणाले, म्हणजे ती मुलगी म्हणाली. "माझ्या वडिलांना ज्यांनी वाचवलं त्यांना मी विसरणार नाही. पण या लोकांचा होकार माझ्या बाजूला मोजायचा मला अधिकार नाही. तो मी परत करतो." गोल चेहऱ्याच्या पाहुण्यांनी सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या. मला तो उंच माणूस फार आवडला. चुकीचा होकार परत करणारी माणसं घरातसुद्धा मिळत नाहीत, परिषदेत कुठून मिळायची?

साहेबांची मात्र पंचाईत झाली. त्यांच्या प्रस्तावात पहिलंच वाक्य होतं, 'रुग्णांच्याच मागणीवरून'. ते उठून आमच्या बाकाला म्हणाले, "मग आता स्पष्ट सांगा. दवाखाना कंपनीला द्यायचा का?"

"नको!" बाक म्हणाला.

"मग काय पाहिजे?"

मावशी सुटकेसवरूनच म्हणाल्या, "पडदा. हिरवा."

प्रस्ताव साहेबांनी मागे घेतला. पुढे पुन्हा येईल की नाही, मला माहीत नाही. जगात ते भांडण चालूच आहे आणि ते चालावंही, कारण आमच्या दवाखान्यातली रांग आजही मोठी आहे आणि खोकल्याचं औषध आजही तसंच लागतं. पण दवाखाना पालिकेचा राहिला, मावशी दवाखान्यात राहिल्या, आणि जावई सुटकेस घेऊन रिकामाच घरी गेला. जाताना तो जितका खूश दिसत होता तितका सासू न आल्यामुळे खूश झालेला जावई मी पाहिलेला नाही. हे वाक्य जरा चुकीच्या अर्थाने वाचलं जाण्याचा संभव आहे, म्हणून सांगतो : तो मावशींसाठी खूश होता.

काका चादरीमागे काय बोलले ते मी मावशींना नंतर विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी माझ्या चपलांचा अभ्यास करू लागलो. "ते खासगी आहे," त्या म्हणाल्या.

पडदा आला. खरंच आला, हिरवा, जमिनीपर्यंत, चाकं लावलेल्या चौकटीवर. मावशींनी तो पुढे-मागे ढकलून पाहिला, कापड बोटांत चोळून पाहिलं, आणि मग त्यांचं तोंड उतरलं. "झालं," त्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. "मागून मागून मीच माझी बदली मागवली. आता मी इथे काय करू?"

पहिली पेशंट पडद्यामागे गेली. बारीक आवाजात काहीतरी सांगू लागली, आणि ते पार दारापर्यंत स्वच्छ ऐकू आलं. बाकाने चमकून मावशींकडे बघितलं. मावशींनी पायाने खोकं सरकवलं. आता चढायची गरज नव्हती, म्हणून त्यावर बसल्या.

"आमचा जावई काल," त्या म्हणाल्या, आणि दवाखाना पुन्हा सुरू झाला.

आईला वर्षाची तपासणी असते. परवा मी तिच्याबरोबर गेलो होतो. ती पडद्याआड गेली. मी बाकावर बसलो, काकांच्या शेजारी. नवीन आलेला एक गृहस्थ फोनवर जोरजोरात बोलत होता. मावशी खोक्यावरून गरजल्या, "अहो, हळू! आत खासगी चाललंय!" बाहेरच्या रस्त्यावर कोणीतरी सायकलवरून उतरलं म्हणतात.

मग त्या गोष्ट सांगू लागल्या. मी गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होतो. काकांनी मिशा चावायला घेतल्या. जावई घोरला. बायको जागी झाली. आता तो उठून चालायला लागतो का? शिडी येते का? छप्पर येतं का?

"तिने ढोसलं," मावशी म्हणाल्या, "आणि कूस बदलून झोपला."

बस. एवढीच गोष्ट. पडद्यामागून आईचा आवाज आला, डॉक्टरीणबाईंना चिठ्ठीतली वेलांटी ऱ्हस्व काढायला सांगत होती. मी उठून मावशींकडे गेलो. म्हटलं, "मावशी, आज गोष्ट फार छान होती."

"आखूड होती ना?" त्या हसल्या. "मलाही अशाच आवडतात."